शेंडेनक्षत्रातले उतारू

न कळवता दारात येऊन उभ्या राहिलेल्या माणसाला आपण मध्यमवर्गीय लोक तीन प्रश्न विचारतो. आपण कोण? कोण पाहिजे? आणि कुणी पाठवले? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे थोडी गुळमुळीत मिळाली तरी भागते. तिसऱ्याचे मात्र नीट मिळावे लागते. 'अमक्यांनी पाठवले' म्हटले की दाराची साखळी निघते, पंखा सुरू होतो, पाण्याचा पेला येतो. 'मला कुणीच पाठवलेले नाही, मी आपला सहज या बाजूने चाललो होतो,' असे कुणी सांगितले, तर आपण दार लावून घेऊ आणि तो जिना उतरेपर्यंत कान देऊन उभे राहू.

आकाशातली मंडळी सहसा असा प्रसंग आणत नाहीत. ग्रहांची ये-जा वर्षभर आधी पंचांगात छापून येते. शनिमहाराज कुणाच्या राशीला किती वर्षे मुक्कामाला आहेत, हे ज्याच्या त्याच्या घरी पाठ असते. ग्रहण मिनिटाच्या हिशेबाने लागते आणि मिनिटाच्या हिशेबाने सुटते. आमच्या कॉलेजच्या वेळापत्रकाला हे कधी साधलेले नाही. अशा या शिस्तीच्या कुटुंबात वाटेल तेव्हा, वाटेल त्या दिशेने, केस मोकळे सोडून येणारा एकच. तो म्हणजे धूमकेतू. आमच्या आजीच्या भाषेत शेंडेनक्षत्र. हॅलेसारखा एखादा पंचाहत्तर-शहात्तर वर्षांनी नेमाने येतो, नाही असे नाही. पण बाकीचे बहुतेक आगाऊ पत्र न टाकणारे. तेव्हा माणसाने त्यांना तो तिसरा प्रश्न विचारावा, हे स्वाभाविकच होते. बाबा रे, तुला कुणी पाठवले?

या प्रश्नाचे उत्तर धूमकेतूने कधीच दिले नाही. म्हणून ते आपणच दिले. सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त या मंडळींसाठी केतुचार नावाचा स्वतंत्र अध्याय घातला. कुणी म्हणतात केतू एकशे एक आहेत, कुणी म्हणतात हजार आहेत, आणि नारदाच्या मते तो एकच असून नाना रूपे घेतो, असे मतभेद तो प्रामाणिकपणे नोंदवतो; आणि मग कोणत्या केतूने कुणाचे काय होते ते सांगत सुटतो. राजे मरतात, देश ओस पडतात, धान्य महागते. गंमत अशी, की ज्या घरात शेंडेनक्षत्राचे नाव काढू देत नाहीत, त्याच घरात पूजेच्या आरंभी गणपतीची बारा नावे घेतात आणि त्यांत धूम्रकेतू हे एक नाव येते! विघ्नहर्त्याच्या यादीतही तोच, विघ्नांच्या यादीतही तोच. पश्चिमेकडचे लोक तरी शहाणे असतील म्हणावे, तर १९१० साली हॅलेच्या शेपटीतून पृथ्वी जाणार आणि त्या शेपटीत विषारी वायू आहे असे कळल्यावर तिकडच्या सुशिक्षित शहरांत लोकांनी दारांच्या फटी बुजवल्या आणि धूमकेतूवर उतारा म्हणून गोळ्या विकत घेतल्या.

पुढे राजे गेले. वायूची भीतीही गेली. धूमकेतूला आता काही नवे काम लावून देणे भाग होते, आणि ते आपण लावून दिले आहे. पूर्वी तो निरोप घेऊन येई. आता तो उतारू घेऊन येतो. धूमकेतूच्या पोटात एक पुराणे गलबत आहे, लाखो वर्षांपूर्वी कुठल्या तरी ताऱ्यावरून निघालेले, आणि वरची बर्फ-धूळ हे नुसते सोंग आहे, अशी ही नवी पोथी.

या पोथीला निमित्त झाले ते अगदी अलीकडचे. सूर्याच्या कुटुंबाबाहेरून, दुसऱ्या कुणा ताऱ्याच्या अंगणातून आलेले पाहुणे माणसाने २०२५ सालापर्यंत तीन पाहिले. पहिला दिसला १९ ऑक्टोबर २०१७ रोजी, हवाई बेटांवरच्या एका दुर्बिणीतून. आपल्याकडे त्या दिवशी लक्ष्मीपूजन होते. हवाईच्या भाषेत त्याचे नाव ठेवले 'ओमुआमुआ', म्हणजे दुरून आलेला पहिला जासूद. आपल्या नजरेस तो पडला तेव्हा सूर्याला वळसा घालून परत निघालेला होता. म्हणजे पाहुणा दिसला तोच पाठमोरा. त्याला शेपटी नव्हती. गरगर फिरताना त्याचा उजेड दहापटीने कमी-जास्त होई. आणि जाताना तो गणिताने सांगितलेल्या वेगापेक्षा किंचित अधिक वेगाने चालला होता. झाले! हार्वर्ड विद्यापीठातले नामांकित खगोलशास्त्रज्ञ आव्ही लोब यांनी २०१८ साली एका सहकाऱ्याबरोबर निबंध लिहून सुचवले, की हे कुणा परक्यांचे, सूर्यप्रकाशाच्या रेट्यावर चालणारे शीड असू शकेल. बाकीच्या बहुतेक शास्त्रज्ञांनी माना हलवल्या. बर्फात कोंडलेला हायड्रोजन उन्हाने मोकळा होऊन त्या वस्तूला रेटा मिळाला असावा, असे एक पटण्याजोगे उत्तर २०२३ साली पुढे आले. पण तोवर गलबत लोकांच्या मनात नांगर टाकून बसले होते.

दुसरा पाहुणा २०१९ सालचा. क्रिमियातल्या गेन्नादी बोरिसोव नावाच्या हौशी निरीक्षकाने स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून तो टिपला. त्याला शेपटी होती, तो चारचौघा धूमकेतूंसारखा वागला, आणि म्हणूनच की काय, त्याच्याबद्दल फारसे कुणी बोलले नाही. सरळ माणसाची बातमी होत नाही. तिसरा १ जुलै २०२५ रोजी चिलीतल्या 'ॲटलास' दुर्बिणीला सापडला. तो भाऊबीजेनंतर आठवडाभराने सूर्याच्या अगदी जवळ होता. पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला तो १९ डिसेंबरला, तोही सुमारे २७ कोटी किलोमीटरवर. नुसत्या डोळ्यांना तो कुणालाच दिसला नाही. पण त्याच्या नुसत्या वार्तेने घरोघरी जी चर्चा झाली ती काय सांगावी! त्याच्या वाफेत पाण्याच्या मानाने कार्बन डायऑक्साइड भलताच जास्त निघाला. लोबसाहेबांनी पुन्हा शंका काढली. १९ नोव्हेंबरला 'नासा'ने बैठक घेऊन हा धूमकेतूच आहे असे जाहीर केले. त्यावर आमच्या नववीतल्या चिरंजीवांचे म्हणणे असे, की ते लपवायचे असेल तर नासा तसेच म्हणणार.

"बाबा, तो धूमकेतू नाहीच. धूमकेतूचं सोंग घेतलेलं जहाज आहे ते," तो जेवताना म्हणाला.

"मग त्यातून किती जण उतरणार ते आधी सांग," आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "म्हणजे तेवढा भात जास्त लावते."

मी मात्र मनातून खूष झालो. मराठीच्या अध्यापकाच्या मुलाने ताटावर बसल्या बसल्या अलंकाराचे इतके स्वच्छ उदाहरण द्यावे! वाचकांना शाळेतले व्याकरण आठवत असेल. धूमकेतू गलबतासारखा आहे, म्हटले की उपमा. धूमकेतू जणू गलबतच, म्हटले की उत्प्रेक्षा. आणि हा धूमकेतू नव्हेच, हे गलबत आहे, असे समोरच्या वस्तूला साफ नाकारून तिच्या जागी दुसरी बसवली, की तिला म्हणायचे अपन्हुती. या शब्दाचा मूळ अर्थच दडवणे, लपवणे असा आहे. तेव्हा धूमकेतूच्या आड गलबत लपले आहे की नाही ते देव जाणे. पण आपल्या बोलण्यात गलबताच्या आड धूमकेतू लपतो, एवढे खरे.

या तिन्ही अलंकारांत वाईट काही नाही. बोलणारा आणि ऐकणारा दोघेही मनातल्या मनात 'हे आपले बोलण्यापुरते' असे समजून असतात. कल्पनेची सगळी मजा त्या समजुतीवर चालते. आर्थर क्लार्क या इंग्रज लेखकाची 'राँदेव्हू विथ रामा' ही १९७३ सालची कादंबरी अशीच मजेची आहे. २१३१ सालात सूर्याकडे एक दगड येताना दिसतो. ग्रीक-रोमन देवांची नावे संपून गेल्यामुळे शास्त्रज्ञांनी हिंदू देव वापरायला काढलेले असतात, म्हणून त्या दगडाचे नाव 'रामा'. जवळ जाऊन पाहतात तर पन्नास किलोमीटर लांबीचा पोकळ दंडगोल, आत नगरे, समुद्र, सगळे काही. आणि कोण जाणे किती काळापूर्वीचे. क्लार्क १९५६ पासून सिलोनात राहत होता. म्हणजे लंकेत बसून याने रामाची कथा लिहिली! ओमुआमुआ दिसला तेव्हा त्याचे नाव 'रामा' ठेवावे, असेही काहींनी सुचवले होते.

अलंकार धोक्याचा होतो तो पुढच्या पायरीवर. व्याकरणात तिला भ्रांतिमान म्हणतात. एक वस्तू दुसरीच आहे असा खरोखर भ्रम होतो आणि माणूस त्याप्रमाणे कृती करून बसतो. वर्गात याची उदाहरणे गमतीची असतात. जगात तशी नसतात. १९९७ च्या मार्च महिन्यात कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळच्या एका बंगल्यात एका पंथाच्या ३९ माणसांनी आपणहून जीव दिला. 'हेल-बॉप' नावाच्या धूमकेतूच्या मागोमाग एक यान येत आहे, देह इथे ठेवला की आपल्याला त्यात जागा मिळेल, अशी त्यांची श्रद्धा होती. ही माणसे अडाणी नव्हती. संगणकाची कामे करून पोट भरणारी होती. आदल्या नोव्हेंबरात एका हौशी निरीक्षकाने धूमकेतूशेजारी काहीतरी दिसते म्हणून बोभाटा केला होता आणि खगोलशास्त्रज्ञांनी तो साधा तारा असल्याचे दाखवून दिले होते. त्यावर या पंथाचे म्हणणे काय, तर धूमकेतूला सोबती असला काय नि नसला काय, आमच्या दृष्टीने फरक पडत नाही. हे वाक्य मी विसरू शकत नाही. गलबत हवेच होते. आकाशात ते असण्याची गरज उरली नव्हती.

तोच हेल-बॉप त्याच दिवसांत मी आमच्या पुण्याच्या गच्चीवरून पाहत होतो. दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती. संध्याकाळी दिवे लागले की वायव्येला तो दिसे, नुसत्या डोळ्यांनी, शहराच्या उजेडातसुद्धा. माझ्याबरोबर माझी आत्या असे. ती गावी प्राथमिक शाळेत शिक्षिका. सुट्टीला आमच्याकडे आली होती. वय एकतीस, लग्न झालेले नव्हते. का झालेले नव्हते, ते घरात कुणी बोलत नसे आणि सगळ्यांना ठाऊक असे.

त्यासाठी थोडे मागे जायला हवे. १९६५ च्या सप्टेंबरात जपानमधल्या इकेया आणि सेकी या दोन हौशी निरीक्षकांना एक धूमकेतू सापडला. एक पियानोच्या कारखान्यात काम करणारा, दुसरा गिटार शिकवणारा. ऑक्टोबरच्या २१ तारखेला तो सूर्याला जवळजवळ घासून गेला आणि त्याचे तुकडे झाले. दिवाळी उलटल्यावर, कार्तिकातल्या पहाटे काकड आरतीला निघालेल्या आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावाने पूर्वेला उभी असलेली त्याची लांबलचक शेपटी पाहिली. त्याच आठवड्यात माझी आत्या जन्मली. पुढच्या जानेवारीत ताश्कंदला शास्त्रीजी गेले. त्यानंतर पंधरवड्यात माझे आजोबा गेले, काही दिवसांच्या तापाने.

देशाचा शोक आणि घरचा शोक असे दोन्ही हिशेब गावाने एकाच शेपटीला बांधले. शेंडेनक्षत्र तर केव्हाच निघून गेले होते. गावात उरली होती तीन महिन्यांची पोर. तिचे पाळण्यातले नाव चांगले होते, पण ती शाळेत जायला लागली तोवर बाया तिला आपसांत शेंडेनक्षत्रच म्हणत. पुढे स्थळे येत आणि परत जात. तिची पत्रिका मागण्याचीही कुणाला गरज पडत नसे. जन्मसाल ऐकले की कुणी ना कुणी बाकीचे सांगायला असेच. याला मी भ्रांतिमान म्हणतो. यात कुणी जीव दिला नाही. फक्त एका मुलीचे आयुष्य, ज्याला तिचा पत्ताही ठाऊक नव्हता अशा दगडाच्या नावाने मोजले गेले.

१९६५ ची दिवाळी, २०१७ चे लक्ष्मीपूजन, २०२५ ची भाऊबीज. एवढे तीन योग हाताशी आले की धूमकेतूंचा आणि आपल्या फराळाचा काही गूढ संबंध आहे, असा एक ग्रंथ मी महिन्याभरात लिहून देऊ शकेन. गिऱ्हाईकही मिळेल. जे धूमकेतू ज्येष्ठ-आषाढात येऊन गेले त्यांचा उल्लेख टाळला, की झाले काम. अपशकुन असेच रचले जातात. गावातल्या त्या बाया काही दुष्ट नव्हत्या. मरण कुणी पाठवले, या प्रश्नाला त्यांना काहीतरी उत्तर हवे होते, एवढेच.

गच्चीवर पहिल्या दिवशी आत्या बराच वेळ काही बोलली नाही. आयुष्यभर जिचे नाव आपल्याला चिकटवले, ती वस्तू ती पहिल्यांदाच पाहत होती. मी शेपटी, वेग, अंतर असे काहीबाही सांगत होतो. मध्येच ती म्हणाली, "अरे, हे तर कुणाकडे बघतसुद्धा नाही रे!"

आणि हसली. पुढे तीन आठवडे ती रोज संध्याकाळी पोळ्यांची कणीक तिंबून ठेवून गच्चीवर येई. क्लार्कची कादंबरी मी नंतर कॉलेजात वाचली. तिचा शेवट असा, की माणसे त्या गलबतात शिरून सगळे धुंडाळतात, आपापसांत भांडतात, त्याच्या हेतूविषयी तर्क लढवतात. आणि 'रामा' सूर्यापाशी आपले काम उरकून, त्यांच्याकडे ढुंकूनही न पाहता पुढच्या वाटेला लागतो. तो शेवट वाचताना मला आमची गच्ची आठवली.

मग धूमकेतूत खरोखर काय असते? तेही माणसाने जाऊन पाहिले आहे. १९८६ साली युरोपच्या 'जोत्तो' यानाने हॅलेचा गाभा टिपला. पंधरा किलोमीटर लांबीचा वेडावाकडा बटाटा, रंगाने कोळशाहून काळा. २०१४ च्या नोव्हेंबरात 'रोझेटा' यानाने चुरियुमोव-गेरासिमेंको नावाच्या धूमकेतूवर एक लहानसे यंत्र उतरवले. त्याच मोहिमेत धूमकेतूभोवतीच्या वायूत ग्लायसीन सापडले. ग्लायसीन म्हणजे ज्यांपासून प्रथिने बनतात त्या अमिनो आम्लांपैकी सर्वांत साधे. फॉस्फरसही सापडला. पाणी, कार्बन, जिवाला लागणारी कच्ची सामग्री, सारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वीच्या थंडीत जसे गोठले तसे. २०२५ चा पाहुणा तर एका अंदाजाप्रमाणे सात अब्ज वर्षांहून जुना, म्हणजे आपला सूर्यही जन्मला नव्हता तेव्हाचा. उतारू कुणी नाही, सुकाणू नाही, पण माल आहे; आणि तसलाच काही माल अशाच दगडांवरून कधी काळी पृथ्वीवर उतरला असावा, असे मानणारे शास्त्रज्ञ आहेत. मला ही हकीकत गलबताच्या पोथीहून कमी नवलाची वाटत नाही. चिरंजीवांना ती सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाले, "तरी पण, बाबा, आत कुणी असतं तर बरं झालं असतं ना?"

हो, झाले असते. इतक्या मोठ्या काळोखात आपल्याशिवाय कुणी आहे, आणि ते आपल्याकडे यायला निघाले आहे, हे कुणाला नको आहे? त्या इच्छेची मला थट्टा करवत नाही. कारण खुद्द आपणही तसले एक गलबत पाण्यात सोडले आहे.

१९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात 'व्हॉयेजर' नावाची दोन याने पृथ्वीवरून निघाली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. तिच्यावर पंचावन्न भाषांतले नमस्कार आहेत, त्यांत आपल्या मराठीचाही आहे. आणि गाण्यांमध्ये गोव्याच्या केरी गावच्या सुरश्री केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. एकटीच निघालेल्या मुलीला 'कुठे चाललीस' म्हणून विचारणारी ती चीज. निवडणाऱ्यांनी इतका विचार केला होता की नाही, मला ठाऊक नाही. पण त्या यानाला याहून योग्य प्रश्न कुणी विचारला नसता. पहिले व्हॉयेजर ५ सप्टेंबरला निघाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. त्यांचा सूर २०१२ च्या ऑगस्टमध्ये सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून ताऱ्यांमधल्या मोकळ्या जागेत शिरला. सुमारे चाळीस हजार वर्षांनी तो एका लहानशा ताऱ्याच्या दीड-पावणेदोन प्रकाशवर्षे अंतरावरून जाईल. यंत्रांतली वीज तोवर कधीच संपलेली असेल. आठशे किलोंचे एक थंड, मुके लोखंड. पाहणाऱ्याला ते दगडासारखेच दिसेल.

तिथे कुणी असेल आणि त्यांची नजर त्याच्यावर पडेल, तर ते काय म्हणतील? त्यांच्यातला एखादा लोबसाहेब म्हणेल, हे कुणीतरी पाठवलेले गलबत आहे. बाकीचे माना हलवतील. या खेपेला लोबसाहेबांचे खरे असेल. त्यांनी तबकडी काढून भैरवी ऐकली, तर आपल्याला धन्य वाटेल. नाही ऐकली, तरी आपली तक्रार नाही. माझे त्यांच्याकडे एवढेच मागणे आहे. आपले गलबत त्यांच्या आकाशातून जात असेल त्या पहाटे त्यांच्या एखाद्या गावात, एखाद्या घरी, मुलगी जन्मली असेल. तर आमच्या त्या लोखंडाकडे त्यांनी खुशाल बघावे, पण तिची पत्रिका मांडताना ते मध्ये आणू नये.